फी माफ झाली, खर्च कोणाच्या माथी?

(नेकनूर, जि. बीड येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक विद्यापीठातील शिक्षण सामान्य माणसाला परवडते की नाही, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून चर्चिला जातो तेव्हा सारी चर्चा फीच्या आकड्याभोवती फिरत राहते. फी वाढली की निषेधाची पत्रके निघतात, फी माफ झाली की अभिनंदनाचे ठराव होतात, आणि दोन्ही वेळा प्रश्न संपला असे समजून सर्वजण घरी जातात. नेकनूरसारख्या गावी बसून हाच प्रश्न विचारला तर मात्र त्याचे स्वरूप पार बदलते. बालाघाटच्या पठारावरील या गावाची पंचक्रोशीत ओळख जनावरांच्या बाजारामुळे आहे. येथे बैलाची किंमत ठरविताना कोणी केवळ त्याच्या दातांकडे पाहत नाही. त्याला वर्षभर लागणारा कडबा, पाणी आणि तो किती दिवस कामाला येईल हेही पाहिले जाते. उच्च शिक्षणाचा हिशेब मात्र आपले राज्यकर्ते केवळ दात पाहूनच करतात, असे म्हणावे लागते.

पदवीच्या शिक्षणाची किंमत तीन भागांची असते. एक भाग फीचा. दुसरा भाग परगावी राहण्या-जेवण्याचा, जाण्या-येण्याचा, वह्या-पुस्तकांचा. तिसरा भाग कोणत्याही पावतीवर नसतो: शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातांची जी मजुरी घराला मिळाली असती आणि मिळत नाही, तो. सुखवस्तू घराला पहिला भाग जाणवतो, कारण उरलेले दोन त्याच्या खिजगणतीतही नसतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घराची गोष्ट नेमकी उलटी आहे. अनुदानित महाविद्यालयातील कला शाखेची शिकवणी फी तशी किरकोळच राहिली आहे. खरा भार पडतो तो पुढच्या दोन भागांचा.

हा भार किती, हे पाहण्यासाठी कोणा विरोधकाची आकडेवारी नको. सरकारचीच पुरे आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६–१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. त्या वेळी मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, अन्य महानगरांसाठी ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,००० रुपये ठरविण्यात आले. औरंगाबाद, म्हणजे २०२३ नंतरचे छत्रपती संभाजीनगर, ५१,००० च्या वर्गात येते. त्यांत भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,००० आणि किरकोळ निर्वाहाचे ८,००० अशी फोड आहे. भोजनाचे २८,००० रुपये दहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला त्र्याण्णव रुपये पडतात. यात चैनीला जागा आहे असे म्हणण्याचे धाडस मंत्रालयातील अधिकारीही करणार नाहीत. म्हणजे विद्यापीठाच्या गावी एका मुलाने वर्षभर जेमतेम तग धरायचा तर ५१,००० रुपये लागतात, हा शासनाचाच अंदाज, आणि तोही त्या वेळच्या भावांनी.

आता हा आकडा येथील श्रमाच्या मापाने मोजून पाहावा. २०२५–२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ५१,००० रुपये मिळवायला १६४ दिवस राबावे लागते. केंद्राच्या कायद्याने हमी दिली होती शंभर दिवसांची, आणि तीही मजुराला एकट्याला नव्हे, सबंध कुटुंबाला! म्हणजे घरातील सर्वांनी मिळून हमीचे सारे दिवस भरले, त्यांतला एक पैसाही पोटाला खर्च केला नाही, तरी एका मुलाचे विद्यापीठातील वर्ष पुरे होत नाही.

ऊसतोडीचे माप आणखी बोलके आहे. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. चौतीस टक्क्यांची ही वाढ मजुरांनी झगडून मिळविली, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. या वाढीव दरानेही ५१,००० रुपयांसाठी सुमारे १४० टन ऊस तोडावा लागतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. दिवसाला दोन टन तोडले तर चांगली तोड झाली असे मानतात. म्हणजे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन माणसांचे सत्तर दिवस. चार-पाच महिन्यांच्या हंगामातला जवळजवळ निम्मा काळ एका मुलाच्या खोलीभाड्याला आणि खाणावळीला. आणि हे पैसेही घराला हंगामाच्या शेवटी मिळत नाहीत. ते उचल म्हणून आधीच घेतलेले आणि बहुधा आधीच खर्चलेले असतात.

येथे वेळापत्रकाचा मुद्दा येतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला फारसे स्थान नाही, पण गरिबाच्या अर्थशास्त्रात तो पहिला मुद्दा आहे. उचल मिळते ती पोळा-गणपतीपासून दसऱ्यापर्यंत. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि माणसे परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. महाविद्यालयाचा प्रवेश मात्र असतो जून-जुलैत. वर्षातील हे दोन महिने असे की घरात नगद रुपया नसतो आणि जो असतो तो बियाण्यात व खतात जातो. फी, अनामत, खोलीचे आगाऊ भाडे, खाणावळीचा पहिला हप्ता ही सारी मागणी नेमकी याच दिवसांत अंगावर येते. शासनाची शिष्यवृत्ती किंवा निर्वाह भत्ता तेव्हा हातात असेल तर तो शिक्षणाला उपयोगी पडतो. वर्ष सरल्यावर बँकेत जमा झाला तर तो सावकाराला उपयोगी पडतो. संगणकावरून अर्ज भरण्याची महाडीबीटी पद्धत आल्यापासून मधले हात कमी झाले, हे खरे आहे. परंतु अर्जांची मुदत, त्यांची छाननी, त्रुटींची पूर्तता आणि हप्त्यांचे वाटप या सर्वांचे घड्याळ मंत्रालयाच्या सोयीने चालते. रक्कम तीच, योजना तीच. केवळ सहा महिन्यांच्या उशिराने तिचा लाभार्थी बदलतो. ही गोष्ट कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

शासनाने काहीच केले नाही असा या म्हणण्याचा अर्थ नव्हे. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने राज्यातील आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. पण तो कोणाला लागू नाही हेही पाहिले पाहिजे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून न आलेल्या, व्यवस्थापनाच्या जागांवर प्रवेश घेणाऱ्या मुली त्यातून वगळल्या आहेत; खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. बीडच्या महाविद्यालयात इतिहास घेऊन बी. ए. करू पाहणारी नेकनूरची मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या व्याख्येतच बसत नाही. तिला रोज पंचवीस-तीस किलोमीटर एस.टी.ने जायचे आहे. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास तिला बारावीपर्यंत होता; महाविद्यालयाची पायरी चढताच तो संपतो. पुढे सवलतीचा पास आहे, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण मोफत ते मोफत आणि अर्धे ते अर्धे. ज्या घरात मुलीला शिकवावे की उजवावे हा वाद चालू आहे, तेथे दरमहा बाहेर जाणारा प्रत्येक रुपया वादाच्या एका बाजूला वजन टाकत असतो.

हा वाद नुसता रूढीचा नाही. कोयत्याला जोडी लागते. मुकादम उचल देतो ती जोडीला; एकट्या मुलाला किंवा एकट्या मुलीला तो अर्धा कोयता समजतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे लग्न लावले की घरात एक नवा कोयता होतो आणि त्यावर नवी उचल मिळते. मुलगी मागे एकटी ठेवून तोडीला जाणे आईबापांना धास्तीचे वाटते, म्हणून तिचेही लग्न लवकर उरकले जाते. या जिल्ह्यातील बालविवाहांबद्दल शहरांतून जो हळहळीचा सूर निघतो त्यात हे अर्थकारण बहुधा नसते. त्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला विद्यापीठात पाठविणे म्हणजे केवळ खर्च पत्करणे नव्हे, तर एका कोयत्याच्या उचलीवर पाणी सोडणे होय. ही उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. फी माफ केल्याने या तराजूचे पारडे हलेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

ज्यांनी महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाचा खरोखर पाया घातला, त्यांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळली होती. त्यांनी आधी वसतिगृहे काढली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जमिनी, इमारती आणि उत्पन्ने दिली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह उघडले. भाऊराव पाटलांनी साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे बोर्डिंग चालविले, आणि १९४७ साली तेथेच निघालेल्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला प्रतिष्ठा मिळाली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. त्याच्या नागसेनवनात वर्गांच्या बरोबरीने वसतिगृहांना स्थान मिळाले. खेड्यातला मुलगा शाळेच्या दारापर्यंत येतो आणि मुक्कामाची सोय नाही म्हणून परत फिरतो, हे या सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मराठवाड्याला तर या परतण्याचा जुना अनुभव आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे १९१८ साली निघालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. भाषा उर्दू आणि अंतर शेकडो मैलांचे. १९४८ च्या मुक्तीनंतर दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या मुलांना पदवी प्रथमच आवाक्यात आली. साठीच्या दशकाच्या आरंभी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फी माफ केली. ती ई.बी.सी. सवलत कित्येक शेतकरी घरांत पहिला पदवीधर घडवून गेली. अंबाजोगाईचे योगेश्वरी, बीडचे बलभीम अशी महाविद्यालये याच परिसरात वाढली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी दिसले, याचे कारण हेच की शिकलेली पहिली पिढी आता नोकरी, रेल्वे आणि पाणी मागू लागली होती. (रेल्वे बीडला पोचली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. मागण्या आणि त्यांची पूर्तता यांतील अंतर मोजायचे तर हे एक माप पुरेसे आहे.)

मग उतार कोठून लागला? दोन तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. परराज्यांत देणग्या मोजून जाणारा पैसा राज्यात राहील, हा त्यामागचा युक्तिवाद होता. पैसा राहिला, तो कोणाकडे राहिला हेही महाराष्ट्राने पाहिले. चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फीला मनाई करणारा कायदा करण्याची पाळी आली, यातच त्या निर्णयाचे मूल्यमापन आहे. दुसरी तारीख २००१ ची. त्या वर्षापासून नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरच मान्यता देण्याचे धोरण आले. १९८३ च्या निर्णयाने डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांवर परिणाम झाला. २००१ च्या धोरणाने साध्या बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. वर. ज्या खेड्यांना महाविद्यालय मिळण्यास उशीर झाला त्यांनाच त्या उशिराचा दंड बसला. शहरातला सुखवस्तू मुलगा जुन्या अनुदानित महाविद्यालयात नाममात्र फीवर शिकतो, आणि आडवळणाच्या गावचा मुलगा प्राध्यापकाचा पगार आपल्या फीतून देतो. तो पगारही कसला, तर तासिका तत्त्वावरचा! ज्याला आपल्या मुलाच्या शिक्षणाची भ्रांत आहे असा माणूस दुसऱ्यांच्या मुलांना पदवीचे शिक्षण देत असतो. सार्वजनिक विद्यापीठांनीही आपल्या आवारात स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची दुकाने मांडली. मंजूर पदे रिकामी, अनुदान अपुरे, आणि नवा अभ्यासक्रम हवा असेल तर त्याचे मोल विद्यार्थ्याने द्यायचे, अशी ही रीत आहे.

या रीतीला दिल्लीचा आशीर्वाद होता. न्या. पुन्नय्या समितीने १९९३ साली विद्यापीठांनी आवर्ती खर्चाचा पंधरा टक्के भाग स्वतः उभारावा आणि दहा वर्षांत तो पंचवीस टक्क्यांवर न्यावा असे सुचविले. १९९७ साली केंद्रीय अर्थखात्याच्या एका टिपणाने उच्च शिक्षणाची गणना ज्यांना अनुदान देण्याचे विशेष कारण नाही अशा सेवांत केली. २००० साली बिर्ला आणि अंबानी या उद्योगपतींनी पंतप्रधानांच्या मंडळासाठी शिक्षणाचा आराखडा लिहिला, त्यात जो वापरील तो देईल हे सूत्र आले. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे ध्येय ठेवले होते. १९६८ पासून प्रत्येक शैक्षणिक धोरणाने त्याला वंदन केले. गाठले कोणीच नाही.

फीवाढीच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तो समाजवाद्यांच्याच शब्दांत मांडला जातो. ते म्हणतात, विद्यापीठात वरच्या थरातलीच मुले अधिक येतात. त्यांच्या शिक्षणासाठी मजुराने कर का द्यावा? आणि मग साक्षीला जोतीराव फुले काढले जातात. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी ही तक्रार केली होती हे खरेच आहे: महसूल रयतेच्या घामाचा, आणि तो खर्ची पडतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला होता, हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु रयतेच्या पैशावर रयतेचा हक्क सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून रयतेच्या मुलाला फी लावण्याचा निष्कर्ष काढणे ही मोठीच चलाखी म्हटली पाहिजे. वरच्या थरातली मुले विद्यापीठात अधिक आहेत, याचे कारण खालच्या थराला तेथे पोचणे परवडत नाही. फी वाढविल्याने हे प्रमाण सुधारणार आहे काय? २०२१–२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशातील अठरा ते तेवीस वयोगटाचे उच्च शिक्षणातील प्रमाण २८.४ टक्के होते. उरलेल्यांत कोणाची मुले आहेत हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आणि पदवीधराने समाजाचे देणे फेडावे हा आग्रह असेल तर त्याची रास्त रीत आहेच. पदवीच्या जोरावर ज्याची कमाई वाढली त्याच्याकडून चढत्या दराने आयकर घ्यावा. फी ही कमाईच्या आधी वसूल होते, आणि कमावील की नाही याची खात्री नसलेल्याकडूनही वसूल होते. कर हा कमाईनंतर आणि कमाईच्या प्रमाणात. यांत न्याय्य काय, याविषयी दुमत होऊ नये. मजूर साबण-काडेपेटीवर अप्रत्यक्ष कर देतच असतो. त्याला दुसऱ्यांदा फीच्या रूपाने गाठण्याचे कारण नाही.

फीच्या ऐवजी आता कर्जाचा मार्ग पुढे केला जात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणावाचून कर्ज आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण ती गुणवत्तायादीतल्या संस्थांपुरती; २०२४ मध्ये त्या ८६० होत्या. यादीबाहेरच्या ग्रामीण संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. आणि असता तरी? या भागातील माणसाला कर्जाचे शिक्षण समजावून सांगण्याची गरज नाही. भविष्यातले श्रम आज गहाण टाकून घेतलेली रक्कम म्हणजे उचल. बाप मुकादमाकडून घेतो, मुलगा बँकेकडून घेईल. बापाला निदान ठाऊक असते की ऊस उभा आहे आणि कोयत्याला काम आहे. मुलाची नोकरी कोणत्या शेतात उभी आहे हे बँकही सांगू शकत नाही. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या कर्जाचा डोंगर एक लाख सत्तर हजार कोटी डॉलरांच्या घरात गेला आहे. इंग्लंडात १९९८ पर्यंत विद्यापीठ विनाशुल्क होते. मजूर पक्षाच्याच सरकारने एक हजार पौंडांची फी लावली, २००६ साली ती तीन हजारांवर आणि २०१२ साली हुजूर पक्षप्रणीत सरकारने नऊ हजारांवर नेली. दार किलकिले कोणी केले, हे समाजवाद्यांनी विसरू नये. याउलट जर्मनीत काही राज्यांनी फी लावली, लोकांनी विरोध केला, आणि २०१४ पर्यंत ती सर्व राज्यांतून काढून टाकण्यात आली. फीवाढ हा निसर्गनियम नव्हे, याचा हा पुरावा आहे.

देशातील नव्या धोरणाने आणखी एक गोष्ट केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची झाली, आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी बाहेर पडण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून हे लागू होऊ लागले. मुभा हा शब्द मोठा सोज्वळ आहे. ज्याच्या घरी चौथ्या वर्षाचे ५१,००० रुपये नाहीत तो ही मुभा घेईल, आणि ज्याच्या घरी आहेत तो सन्मान-पदवी घेईल. पूर्वी याला गळती म्हणत आणि तिची लाज वाटे. आता तिला प्रमाणपत्र मिळेल.

सर्वांत नाजूक प्रश्न शेवटी राहतो. गरिबांसाठीच्या योजना जातींच्या कप्प्यांत विभागल्या गेल्या आहेत. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. फीसवलतीच्या दुसऱ्या योजनेला आठ लाखांची. एकासाठी बार्टी, दुसऱ्यासाठी सारथी, तिसऱ्यासाठी महाज्योती. प्रत्येक समाजाची अडचण निराळी आहे आणि अस्पृश्यतेचा इतिहास तर कोणत्याही उत्पन्न-मर्यादेत मावत नाही, म्हणून स्वतंत्र योजना लागतीलच. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाला मिळते आणि आपल्याला मिळत नाही, ही भावना किती विषारी ठरते हे मराठवाड्याने १९७८ साली भोगले आहे. विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांतून दलितांची घरे जळाली. त्या द्वेषाला जातीचा अहंकार कारण होता, आणि दलित विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीविषयी गरीब सवर्ण विद्यार्थ्याच्या मनात पेरलेली असूयाही त्याला खतपाणी घालत होती. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. २०२३ च्या आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड शहरात जाळपोळ झाली, तेव्हाही शेतकऱ्याच्या मुलाच्या मनातली फीची आणि नोकरीची धास्ती खरी होती. दिशा मात्र शेजाऱ्याच्या अंगणाकडे वळविली गेली. फडावर वंजारी, बंजारा, दलित, मराठा, मुसलमान यांच्या खोपी शेजारी शेजारी असतात आणि टनाचा भाव सर्वांना एकच मिळतो. दुसऱ्याची सवलत काढून घ्या ही मागणी त्यांतल्या कोणाच्याच हिताची नाही. आठ लाखांची मर्यादा एकाला असेल तर अडीच लाखांची दुसऱ्याला का, हा प्रश्न सर्वांनी मिळून विचारण्यात सर्वांचे हित आहे.

मागण्या काय असाव्यात, हे वरच्या हिशेबातूनच निघते. निर्वाह भत्ता महागाईच्या निर्देशांकाला जोडलेला असावा आणि त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशी मिळावा. शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली: एकेचाळीस तालुक्यांत ब्याऐंशी वसतिगृहे, प्रत्येकात शंभर मुले. योजना चांगली आहे. इमारती, भाडे, कर्मचारी आणि जेवण यांची तरतूद दरवर्षी तपासली गेली पाहिजे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच वसतिगृहे विद्यापीठाच्या गावी हवीत. ती दिवाळीत बंद ठेवता कामा नयेत. इतरांच्या घरी दिवाळी असते तेव्हा तोडीवर गेलेल्यांच्या घराला कुलूप असते. खाणावळ बंद झालेल्या त्या वीस दिवसांत मुलगा फडावर आईबापांकडे जातो, आणि गेलेला प्रत्येक मुलगा परत येतोच असे नाही. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होते. २०२३ साली चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा, त्यांत या जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई तालुक्यांतही, ते माफ झाले. पण परीक्षा शुल्क हा खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यातला खरीप वाहून गेला तेव्हा विद्यार्थ्याला हवी होती ती खाणावळीची चार महिन्यांची हमी. संकटकाळाच्या सवलतींत तिचा समावेश झाला पाहिजे.

या मागण्यांचे निवेदन मुंबईला जाईल तेव्हा जाईल. येथले काम त्यावर अडून राहण्याचे कारण नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, रहिवास, ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र, बँकेचे आधार-जोडलेले खाते, या प्रत्येक कागदासाठी कोणाची तरी मजुरी बुडते. तहसील कचेरीच्या दोन खेपा वाचविल्या तर सहाशे रुपयांची शिष्यवृत्ती दिल्यासारखे आहे. नेकनूर आणि आसपासच्या गावांतील यंदा बारावीला बसलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, घरचा कोयता, हवा असलेला अभ्यासक्रम आणि नसलेले कागद, अशी एक वही शाखेने करावी. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. पण आईबापांच्या सह्या आणि अंगठे लागणारे कागद त्याआधी व्हायला हवेत, म्हणून वहीचे काम पाडव्यानंतर, तोडीवरून गाड्या गावात परतू लागतील त्याच आठवड्यात सुरू करावे लागेल.